कोळंबीची दया येऊ नये म्हणून घ्यायची काळजी

तुमच्या ओळखीतला एखादा शहाणा माणूस कधी ना कधी जाहीर करणारच आहे की यंदाचं दान मी कोळंबीसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिलं. हो, कोळंबी. दहा पायांची, मिशांची, तीच. अशा वेळी गोंधळून जाऊ नका, तयारी आधीपासून ठेवा, म्हणून हा लेख.

सगळ्यात पहिलं म्हणजे हसा. आणि लगेच हसा, त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत, कारण वाक्य पूर्ण झालं की त्यात माहिती येते आणि माहिती आली की हसू तोंडातच अडकतं. आमच्यात ही बातमी फुटली तेव्हा सहा जण होतो, सहाही हसलो, मी तर सगळ्यात आधी, "उद्या झुरळांना पेन्शन दे" हे वाक्य माझंच, आणि ते चांगलंच चाललं. तुम्हाला वापरायचं असेल तर वापरा.

हसून झालं की लगेच "आधी माणसांचं बघा" हे काढायचं. या वाक्याची गंमत अशी की ते बोलायला माणसांचं काही बघितलेलं असावं लागत नाही. वर्षभर एक रुपया कुणाला दिलेला नसला तरी चालतं, उलट नसलेला बरा, आवाजाला जोर येतो. फक्त एक सांभाळा, समोरच्याने "बरं, तू माणसांसाठी किती दिलेस?" असं विचारायच्या आत विषय बदला. आमच्या मित्राने विचारलं नाही, सभ्य आहे बिचारा, पण सगळेच सभ्य असतील असं नाही.

आता आकडे. आकड्यांपासून लांब राहायचं आणि राहता आलं नाही तर टनात बोलायचं. टन हा फार सोयीचा शब्द आहे. गाई-म्हशी मोजतात त्या डोक्यावर, कोंबड्यासुद्धा नगावर, कोळंबी मात्र वजनावर, आणि वजनाला चेहरा नसतो. कुणी नगावर मोजायला गेलं की घोळ होतो. रीथिंक प्रायॉरिटीज नावाच्या संस्थेने ते केलंय, त्यांचा अंदाज आहे की तळ्यांमध्ये वाढवून मारल्या जाणाऱ्या कोळंब्या वर्षाला सुमारे 440 अब्ज, म्हणजे 44 हजार कोटी. जगात माणसं आठशे कोटींच्या थोडी पुढे. म्हणजे माणशी पन्नासच्या वर, तान्ह्या बाळांचा आणि आयुष्यात कोळंबी न शिवलेल्यांचा वाटा धरून. बघा, मी म्हटलं नव्हतं आकडे नकोत म्हणून?

त्याहून वाईट म्हणजे याच लोकांनी असाही हिशोब मांडलाय की सुखदुःख भोगण्याची कोळंबीची कुवत माणसाच्या तुलनेत किती, आणि उत्तर आलं 0.031, म्हणजे साधारण तीन टक्के. यावर पुन्हा हसता येतं, मनसोक्त हसा, काय तो आत्मविश्वास तिसऱ्या दशांशापर्यंत! (अनिश्चितता प्रचंड आहे हे त्यांनीच लिहून ठेवलंय, ते सांगायची गरज नाही.) फक्त हसता हसता चुकूनही 44 हजार कोटीला 0.031 ने गुणू नका. मी गुणलं. तेराशे कोटींच्या वर जातं, माणसांच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. असा गुणाकार मुळात करावा का हा वेगळा वाद आहे आणि माझ्या मते करू नये, पण कॅल्क्युलेटर ते ऐकत नाही.

मग येतो वेदनेचा मुद्दा. इथे एकच शब्द पाठ करा, रिफ्लेक्स, म्हणजे शरीराची आपोआप होणारी हालचाल, दुखणंबिखणं काही नाही. आयर्लंड बेटावरच्या बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लोकांनी एका जातीच्या कोळंबीच्या एका मिशीला अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावलं, व्हिनेगरमध्ये असतं तेच, तर ती कोळंबी नेमकी तीच मिशी पायांनी साफ करत बसली, टाकीच्या भिंतीला घासत बसली, आणि आधी बधिर करायचं औषध लावलं तर हा प्रकार कमी झाला. तुम्ही म्हणा रिफ्लेक्स. तिने तीच मिशी का घासली, दुसरी का नाही, आणि भूल दिल्यावर रिफ्लेक्सला काय झालं, असले प्रश्न विचारणारा माणूस भांडखोर आहे असं समजा. तुमच्या बाजूचाही एक पुरावा आहे बरं का, 2010 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी वेगळ्या जातींवर असाच प्रयोग केला तर त्यांना असं वागणं दिसलं नाही. हे मोठ्याने सांगा आणि इथेच थांबा. पुढे बोललात तर अशा प्राण्यांना जाणीव असते का यावरचा 2021 चा ब्रिटिश रिपोर्ट निघतो, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या टीमने तीनशेच्या वर अभ्यास चाळून केलेला, आणि त्यानंतर 2022 च्या तिथल्या कायद्यात खेकडे, शेवंड, कोळंबी हे सगळे जाणीव असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेले. सुदैवाने त्या कायद्याने कोळंबीशी कसं वागायचं हे कुणाला सांगितलेलं नाही, सरकारने धोरण ठरवताना विचार करावा इतकंच. विचार करायला काय जातं.

मित्राने दान दिलं त्या संस्थेचं काम ऐकलंत तर निदान त्यावर तरी नीट हसता येईल असं मला वाटलं होतं. श्रिम्प वेलफेअर प्रोजेक्ट, 2021 ची संस्था, करते काय तर कोळंबी उत्पादकांना विजेचा शॉक देणारं मशीन देते. फुकट. वेलफेअर म्हणजे शॉक! आम्ही टेबलावर हात आपटले. अट एवढीच की वर्षाला निदान बारा कोटी कोळंब्या त्यातून गेल्या पाहिजेत. मग कुणीतरी, नको तेव्हा, विचारलं की मशीन नसतं तेव्हा कशा मरतात. जाळ्यातून काढून बर्फाच्या पाण्यात टाकतात किंवा तशाच ढिगात राहतात, श्वास कोंडून जातो, आणि बर्फात त्या गप्प होतात म्हणजे लगेच मेल्या असं नव्हे, थंडीने हलायच्या थांबतात. शॉक नीट बसला तर शुद्ध काही सेकंदांत जाते. म्हणजे हे लोक त्यांना वाचवत नाहीत, कुणाचा धंदा बंद करत नाहीत, फक्त शेवटची काही मिनिटं कापून टाकतात. मला हे ऐकून आधी फार फालतू वाटलं, मग बारा कोटी गुणिले काही मिनिटं असं डोक्यात आलं, आणि मी वर काय सांगितलं गुणाकाराबद्दल?

पाण्याचंही काम करतात, तळ्यात गर्दी किती, अमोनिया किती, ऑक्सिजन किती. हा भाग कंटाळवाणा आहे त्यामुळे सुरक्षित आहे, त्यावर बोलू द्या. फक्त पहाटेचं वर्णन करू देऊ नका. रात्री पाण्यातलं शेवाळही ऑक्सिजन ओढत असतं, त्यामुळे उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो, आणि एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, बंद पडला तर कोळंब्या वर येतात, कडेला जमतात, हजारो, मिशा पाण्याच्या वर. रिफ्लेक्स.

आणि डोळ्याचा विषय निघाला तर सरळ उठून जा, फोन आल्याचं नाटक करा. जायला जमलंच नाही तर किमान मराठीत बोलू नका, आयस्टॉक एबलेशन म्हणा, ऐकायला एखाद्या सर्टिफिकेट कोर्ससारखं वाटतं. मराठीत सांगायचं तर कोळंबीचा डोळा एका छोट्या देठावर असतो, त्या देठात एक ग्रंथी असते, ती अंडी पिकायला ब्रेक लावते. बीज तयार करायच्या हॅचरीत मादी बंदिस्त टाकीत असते, तिथे ती वेळेवर पिकत नाही, म्हणून एका बाजूचा देठ चिमट्याने चिरडतात, नाहीतर कापतात, नाहीतर दोऱ्याने आवळून बांधतात. ब्रेक गेला की काही दिवसांत अंडाशय भरतं. दोन्ही काढत नाहीत, एक ठेवतात. हे न करता, खाणं आणि टाकीतली परिस्थिती सुधारून बीज काढणाऱ्या हॅचऱ्या आहेत, आणि न कापलेल्या माद्यांची पिल्लं काही रोगांपुढे जास्त तग धरतात असंही अभ्यासात दिसलंय, म्हणजे धंद्याच्या हिशोबानेही कापलंच पाहिजे असं नाही. पण तुमच्यासाठी दिलासा असा की हे फक्त आयांचं होतं, तुमच्या ताटात येतात त्यांचे दोन्ही डोळे जागेवर असतात. तरी खात्री म्हणून डोकं काढलेलीच घ्या.

इतकं सगळं करूनही मित्र बधला नाही तर शेवटचं हत्यार, ढोंगीपणा. विचारा, तू स्वतः खातोस का? मी विचारलं. तो म्हणाला, हो, कधीकधी, सुटत नाही. काय सांगू, टेबलाभोवती सहा माणसांना एकदम मोकळं वाटलं! ढोंगी, ढोंगी म्हणून असा गलका झाला की दोन मिनिटं कुणाला काही ऐकू येत नव्हतं, माझ्या डोळ्यात पाणी आलं हसून. तोही हसला आमच्याबरोबर. मग पाणी प्यायला आणि म्हणाला, ढोंगी तर ढोंगी रे, मशीन तर चालू झालं ना.

यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही, तुम्हाला सुचलं तर कळवा.