‘फिल्टर लावा आणि विसरा’ हा सल्ला इंटरनेट पुरवठादाराने का मानू नये

लहान इंटरनेट पुरवठादारांना एक सल्ला सर्रास दिला जातो: मेल सर्व्हर कुठलाही घ्या, सगळे सारखेच. त्यामागे एक स्पॅम फिल्टर लावा, दोन-चार ब्लॉकलिस्ट (स्पॅमसाठी बदनाम आयपी पत्त्यांच्या याद्या) जोडा, सापडेल तो स्पॅम डिलीट करा. बाहेर जाणारा मेल ग्राहकाचा, त्यात आपण लक्ष घालायचं कारण नाही. यातलं प्रत्येक वाक्य शेवटी ग्राहकाला भोवतं, म्हणून एकेक घेतो.

‘सर्व्हर कुठलाही घ्या.’ सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या एसएमटीपी या पद्धतीचा नियम असा, की मेल पूर्ण आल्यावर सर्व्हरने २५०, म्हणजे ‘स्वीकारला’, हे उत्तर दिलं की पुढची जबाबदारी त्याची. एक तर मेल पोचवायचा, नाहीतर पोचला नाही हे पाठवणाऱ्याला कळवायचं. तेव्हा नकार द्यायचाच असेल तर तो २५० म्हणण्याआधी, समोरचा सर्व्हर जोडलेला असतानाच ५५०, म्हणजे ‘नाकारला’, सांगून द्यायला हवा. १९९८ सालचा क्यूमेल १.०३ हा मेल सर्व्हर मूळ रूपात, ज्याला मेल आला तो पत्ता आपल्याकडे आहे की नाही हेसुद्धा न बघता मेल आत घ्यायचा आणि मागाहून परत पाठवायचा. स्पॅमवर पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो. त्यामुळे हे परतीचे मेल, म्हणजे बाउन्स, भलत्याच निरपराध माणसाच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडत. सुरक्षिततेसाठी नावाजलेला हा सर्व्हर, पण ही खोड पॅच लावल्याशिवाय जात नव्हती.

एक्झिम आणि पोस्टफिक्स या दोन्ही मेल सर्व्हरांना जोडणी चालू असताना फिल्टरला विचारता येतं. पोस्टफिक्समध्ये २००६ च्या २.३ आवृत्तीपासून मिल्टरची, म्हणजे बाहेरचा फिल्टर जोडण्याची, सोय आहे. २०११ मध्ये २.८ बरोबर आलेला पोस्टस्क्रीन हा दारावरचा पहारेकरी मला त्याहून मोलाचा वाटतो. सर्व्हरची स्वागताची ओळ पूर्ण होईपर्यंत समोरच्याने गप्प राहायचं, हा एसएमटीपीचा रिवाज. पोस्टस्क्रीन अर्धीच ओळ पाठवतो आणि सर्व्हरवर ताण नसेल तर ६ सेकंद थांबतो. घाईतला बॉट (आपोआप स्पॅम पाठवणारा प्रोग्रॅम) मधेच बोलतो आणि तिथेच पकडला जातो. मजकूर वाचणाऱ्या जड फिल्टरवर त्याचा भार पडतच नाही. म्हणजे फिल्टर किती चांगलं काम करणार, हे बऱ्याच अंशी सर्व्हर निवडतानाच ठरलेलं असतं.

‘सापडेल ते डिलीट करा.’ या वाक्याला माझा सर्वांत तीव्र विरोध आहे. स्पॅमअसॅसिन हा फिल्टर संशयास्पद खुणांवरून मेलला गुण देतो; ५ गुणांना मेल स्पॅम ठरतो, आणि पुष्कळ जण तो आकडा तसाच ठेवतात. त्याच्या स्वतःच्या माहितीपत्रकात मात्र स्पष्ट लिहिलं आहे, की ५ ही मर्यादा एकट्या वापरकर्त्याला ठीक, पुरवठादाराने ८ किंवा १० ठेवावी. आपोआप डिलीट करू नये आणि करायचंच तर १५ च्या वरचंच करावं, असंही तिथे म्हटलं आहे. कारण उघड आहे. एकट्या माणसाला स्वतःला कसले मेल येतात ते ठाऊक असतं. हजारो ग्राहकांत कोणी औषधं विकतो, कोणी कर्जाचे व्यवहार बघतो, कोणाला परदेशी भाषेत पत्रं येतात. एकाचा स्पॅम तो दुसऱ्याचा धंदा. मुलाखतीचं बोलावणं गुपचूप डिलीट झालं तर पाठवणाऱ्याला वाटतं पोचलं, आणि ज्याला यायचं होतं त्याला ते आलं होतं याचा पत्ताही नसतो. ५५० ने नाकारलं तर निदान पाठवणाऱ्याला कळतं. शंका असेल तिथे स्पॅम फोल्डर.

‘ब्लॉकलिस्ट जोडा.’ जरूर जोडा, पण लक्ष ठेवा. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी असंख्य सर्व्हर तिला विचारतच राहिले. मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक पत्त्याला ‘हो, यादीत आहे’ असं उत्तर देऊ लागली आणि त्या सर्व्हरांनी येईल तो मेल नाकारला.

‘बाहेर जाणाऱ्या मेलशी आपला संबंध नाही.’ एका ग्राहकाचा पासवर्ड चोरीला जातो, रातोरात त्याच्या खात्यातून हजारो स्पॅम सुटतात, आणि सकाळी आपल्या सर्व्हरचाच आयपी ब्लॉकलिस्टवर असतो. मग ज्यांचा काहीच दोष नाही त्या बाकीच्या सगळ्या ग्राहकांचे मेल अडतात. जीमेलकडे दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या तिन्ही सोयी बंधनकारक आहेत. स्पॅमच्या तक्रारीही ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. म्हणून ग्राहकांचा मेल पोर्ट ५८७ वरून (ग्राहकाने मेल सोपवायचं दार), लॉगिन करूनच घ्यावा. घरगुती जोडण्यांवरून बाहेर जाणारा पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) बंद ठेवावा. प्रत्येक खात्याला तासाची मर्यादा घालावी आणि जाणारा मेलही फिल्टरमधून न्यावा. पाठवायच्या मेलची रांग (क्यू) अचानक फुगली की कोणाला तरी लगेच इशारा गेला पाहिजे. चोराच्या हाती गेलेलं खातं सापडलं की ते थांबवून ग्राहकाला फोनच करावा, कारण त्या घडीला त्याची मेलपेटी दुसरंच कोणी वाचत असतं.