बाईकच्या तपासणीचे फोटो मालकाच्या हातातही हवेत

परवा ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. चांगलाच तापला होता. "ताई, पॉलिसी संपून आठ दिवस झालेत फक्त. पैसे भरायला मी तयार आहे, तरी म्हणतात आधी बाईकची तपासणी होईल, मग पॉलिसी. मी काय चोर आहे का?"

तीन वर्षांपूर्वी मी हेच बोलले होते, तेही तपासणीला आलेल्या माणसाच्या तोंडावर. त्यामुळे त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते. मी रोज बाईक चालवते. या विषयात एकदा चांगलीच अडकले होते आणि तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय.

विमा निघतो तो पुढे काय होणार हे मालक आणि कंपनी दोघांनाही माहीत नसतं म्हणून. होऊन गेलेल्या गोष्टीचा विमा निघत नाही. समजा, रविवारी बाईक घसरली, टाकी चेपली, पुढचं चाक धरणारा फोर्क वाकला. सोमवारी पॉलिसी काढली आणि मंगळवारी क्लेम टाकला. ते पैसे कुणाचे जाणार? वर्षानुवर्षं वेळेवर हप्ता भरून एकदाही क्लेम न केलेल्या माणसांचे. असं करणारे थोडे असले तरी हप्ता सगळ्यांचाच वाढतो. हप्ता वाढला की जपून चालवणारा म्हणतो, मला एवढं महागडं कशाला हवंय, आणि तो बाहेर पडतो. मागे उरतात ते ज्यांना क्लेम लागणारच आहे असे. मग हप्ता आणखी वाढतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच मांडलं होतं. विकणाऱ्याला गाडीची आतली हालत माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्यातून चांगल्या गाड्याच बाजारातून निघून जातात. त्याच लेखात त्यांनी वयस्कर माणसांच्या आरोग्यविम्याचंही उदाहरण दिलं होतं. २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत.

तपासणी कधी मागतात हे पाहिलं की यातलं बरंचसं उलगडतं. शोरूममधून बिलासकट निघालेल्या कोऱ्या बाईकला सहसा मागत नाहीत. वेळेवर नूतनीकरण केलं तरी मागत नाहीत, कारण आदल्या क्षणापर्यंतची जोखीम कंपनीच्याच डोक्यावर असते. मधे खंड पडला की मात्र त्या दिवसांत काय घडलं ते एकट्या मालकाला ठाऊक. आठ दिवस काय नि आठ महिने काय, गाडी पडायला एक मिनिट पुरतं. आजवर फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती पॉलिसी होती आणि आता स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचंही संरक्षण हवंय, तरी तेच. सेकंडहँड बाईक घेतली, तरी बहुतेक वेळा तेच. माझी पॉलिसी संपल्याचा मेसेज जुन्या नंबरवर गेला होता, मला कळलंच नाही. माझी चूक नव्हती, पण माझ्या बाईकचं त्या दिवसांत काय झालं हे कंपनीला कळायला मार्ग नव्हता, हेही तितकंच खरं.

त्यात बाईक ही मोठी फसवी वस्तू. कार उभी असताना आडवी होत नाही. बाईकचा स्टँड ओल्या मातीत रुतला तरी ती पडते. सुटे भाग तासाभरात बदलता येतात. टाकी बदलली, मडगार्ड रंगवलं, आरसे नवे लावले की लांबून गाडी चकाचक. आतला फोर्क केसभर वाकलेला असू शकतो.

माझ्याकडे तपासणीला आलेला माणूस पन्नाशीचा असेल. हातात टॉर्च, खांद्यावर फडकं. मला वाटलं टाकीकडे बघेल, कारण टाकीला उजव्या बाजूला एक डेंट होता. तो टाकीकडे गेलाच नाही. गुडघ्यावर बसून त्याने क्लचच्या लिव्हरचं टोक पाहिलं. मग हँडलचं टोक, मग डावा फूटरेस्ट. उठून म्हणाला, "ताई, गाडी डावीकडे पडली होती ना कधीतरी?"

पडली होती, त्या तपासणीच्या दोन वर्षं आधी. मी त्याला एक शब्द सांगितला नव्हता. लिव्हरच्या टोकाचा तो गोळा एका बाजूने घासून सपाट झालेला. हँडलच्या टोकाला बारीक रेघा. फूटरेस्टच्या रबराचा बाहेरचा कोपरा उडालेला. डावा इंडिकेटर उजव्यापेक्षा नवा, त्याचं प्लॅस्टिक अजून पिवळं पडलं नव्हतं. बाईक पडते तेव्हा आधी ही टोकं जमिनीला लागतात. सगळं बदललं तरी यातलं एखादं बदलायचं राहतंच. रोज त्याच गाडीवर बसूनही मला ते कधी दिसलं नव्हतं.

मग त्याने हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं, दुसऱ्या बाजूला वळवलं, फिरणं थांबवणारे दोन्ही खिट्टे टॉर्चने पाहिले. समोरच्या टक्करीत ते दबतात किंवा तुटतात, असं त्याने सांगितलं. समोर उभं राहून एक डोळा मिटून फोर्कच्या दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का पाहिलं आणि त्याच जागेवरून फोटो घेतला. हा फोटो पुढे माझ्या किती उपयोगी पडणार होता, याची तेव्हा कल्पना नव्हती.

शेवटी चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर. हँडलखालच्या नळीवरची धूळ फडक्याने पुसली, कोरलेल्या नंबरवर पेन्सिल घासली, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबली आणि अलगद उचलून फॉर्मवर लावली. नंबर उमटला. सतरा अक्षरं-आकडे असतात, आणि त्यात इंग्रजीतले आय, ओ आणि क्यू वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. या नंबरासाठी एवढा आटापिटा का, तेही त्यालाच विचारलं. चोरीच्या गाडीवर दुसऱ्या गाडीचे कागद चढवतात. अपघातात निकाली निघालेल्या गाडीचे कागद घेऊन भलत्याच सांगाड्यावर विमा काढतात. कागदावरची बाईक आणि समोरची बाईक एकच आहे हे आधी ठरलं पाहिजे, बाकी सगळं नंतर.

आणि मग तो डेंट. मी म्हटलं, "एवढासा तर आहे, सोडा ना." एजंटही मला आधीच म्हणाला होता की ती बाजू जरा सावलीत ठेवा. त्या माणसाने तीन बाजूंनी डेंटचे फोटो काढले आणि फॉर्मवर लिहिलं. मी चिडून विचारलं, "मी काय चोर आहे का?" तो शांतपणे म्हणाला, "आज हा लिहिला, तर उद्या दुसरा पडला की तो नवा आहे हे कळेल."

अकरा महिन्यांनी माझी उभी बाईक एका रिव्हर्स येणाऱ्या कारने आडवी केली. हेडलाइट फुटला, टाकी डावीकडून चेपली आणि फोर्क वाकला. क्लेम टाकला. कंपनीच्या सर्व्हेयरने हेडलाइट मान्य केला, टाकी मान्य केली, आणि फोर्कपुढे लिहिलं, 'जुने नुकसान'. गाडी आधी पडलेली आहे, लिव्हर घासलेली आहे, म्हणजे फोर्कही तेव्हाचाच वाकलेला. सगळ्यात मोठा खर्च फोर्कचाच होता.

मी म्हटलं, तपासणीचे फोटो काढा. उत्तर आलं, रेकॉर्ड सापडत नाही. पुन्हा लिहिलं. मग म्हणाले, तो आमचा अंतर्गत कागद आहे, ग्राहकाला देत नाही. दोन आठवडे फोन, मेल, फोन. शेवटी एका वरच्या अधिकारी बाईंनी स्वतः तो फोटो शोधून काढला. समोरून घेतलेला, दोन्ही नळ्या सरळ. फोर्क मंजूर झाला. उजवीकडचा जुना डेंट त्यांनी भरपाईतून वगळला आणि ते अगदी बरोबर होतं.

तो फोटो नसता तर मी हरले असते. तपासणी जाचक वाटते म्हणून ती बंद व्हावी, असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मला अजिबात सहमत होता येत नाही. पण माझ्या गाडीचा, माझ्यासमोर काढलेला फोटो मला दोन आठवडे दाखवायला नकार मिळतो, हेही मला मान्य नाही. माझी मागणी साधी आहे. पॉलिसीच्या कागदासोबत तपासणीचे सगळे फोटो आणि अहवालाची प्रत मालकाला मिळालीच पाहिजे. न मागता. अहवाल पटला नाही तर तिथल्या तिथे हरकत घेता आली पाहिजे.

ही मागणी मी हवेतून काढलेली नाही. विम्याचा मूळ कायदाच दोन्ही बाजूंनी बांधलेला आहे. १७६६ साली इंग्लंडमध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यासमोर कार्टर विरुद्ध बोएम हा खटला चालला. सुमात्रा बेटावरच्या फोर्ट मार्लबरो या ठाण्याच्या इंग्रज गव्हर्नरने, म्हणजे कार्टरने, शत्रूच्या हल्ल्याविरुद्ध विमा उतरवला होता. फ्रेंचांनी ठाणं घेतलं. विमा देणारा बोएम म्हणाला, ठाणं कमजोर आहे हे तुम्ही लपवलंत. मॅन्सफील्ड यांनी सांगितलं की एकट्याला ठाऊक असलेली गोष्ट लपवून दुसऱ्याला करारात ओढणं दोन्ही पक्षांना मना आहे. पण निकाल त्यांनी कार्टरच्या बाजूने दिला. विमा देणाऱ्याला जे माहीत होतं, किंवा विचारलं असतं तर कळलं असतं, त्याबद्दल नंतर तक्रार करता येत नाही. परम सद्भावाचं तत्त्व म्हणतात ते याच खटल्यापासून सांगतात. मालकाने डेंट लपवायचा नाही, हे जेवढं खरं तेवढंच कंपनीने सरळ फोर्कचा फोटो दाबून ठेवायचा नाही, हेही खरं.

तपासणीची पद्धत तर त्याहून जुनी. लंडनमधल्या लॉइडच्या कॉफीहाउसात जहाजांचा विमा उतरवणारे व्यापारी बसायचे. जहाज कुजकं आहे की धड, हे खुर्चीत बसून कसं कळणार? म्हणून १७६० साली त्यांनी संस्था काढली आणि १७६४ मध्ये जहाजांची पहिली नोंदवही छापली. जहाजाच्या सांगाड्याला अक्षर, ए सगळ्यात उत्तम. दोर, नांगर वगैरे सामानाची वेगळी प्रत. पुढे सामानाला आकडे आले आणि उत्तम सांगाडा, उत्तम सामान अशा जहाजाला 'ए-वन' म्हणू लागले. आपण आज "एकदम ए-वन!" म्हणतो तो शब्द विम्यासाठीच्या तपासणीतून आलाय, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. आणि ती नोंदवही विमा देणाऱ्यांनी वर्गणी काढून छापलेली होती. म्हणजे लिहून ठेवलेलं तेव्हाही विमा देणाऱ्यांच्याच हातात असायचं. माझ्या बाईकच्या बाबतीतही ते त्याच एका बाजूच्या हातात होतं.

आता बऱ्याच ठिकाणी माणूस येत नाही. लिंक येते, आपणच फोटो आणि व्हिडिओ काढायचे. गॅलरीतला जुना फोटो चालत नाही, कॅमेरा तिथल्या तिथे सुरू होतो, वेळ आणि जागा त्यातच नोंदली जाते. सोयीचं आहे, पण फोटो अपलोड झाले की स्क्रीन बंद आणि आपल्या फोनमध्ये मागे काहीच उरत नाही. शिवाय लिव्हरच्या टोकाकडे बघणारा तो अनुभवी डोळाही गेला. म्हणून त्या मुलाला सांगितलं की लिंक उघडायच्या आधी त्याच जागी, त्याच उजेडात, स्वतःच्या कॅमेऱ्याने सगळे फोटो काढ. चारही बाजू, समोरून फोर्क, चेसिस नंबर, इंजिन नंबर, मीटरचा आकडा, दोन्ही लिव्हर, दोन्ही फूटरेस्ट, सायलेन्सरची बाहेरची बाजू. गाडी धुतली असेल तर पूर्ण कोरडी होऊ दे, ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत आणि नंतर ते 'नवे' ठरून वाद होतो. दुपारचं ऊन नको, टाकीवर चमक येते.

वेगळा सायलेन्सर, वेगळं हँडल, जास्तीचे दिवे लावले असतील तर ते आपणहून दाखव आणि लिहून दे. न सांगता केलेले बदल पुढे क्लेम अडवायला कारण होतात. जुनी खूण असेल तर तीही दाखव. खोटं सांगून घेतलेली पॉलिसी हातात असते, पण गरज पडेल त्या दिवशी तीच उलटते. आणि तपासणी मंजूर होऊन पॉलिसी सुरू झाल्याचा कागद येईपर्यंत बाईक रस्त्यावर काढू नकोस. पैसे भरले म्हणजे संरक्षण सुरू झालं, असं नसतं.

तो म्हणाला, "ताई, टाकीवर एक ओरखडा आहे, एजंट म्हणतोय पॉलिश मारून घे."

मी म्हटलं, पॉलिश मारू नकोस, जवळून फोटो घे. उद्या सकाळी सात वाजता आम्ही दोघं त्याच्या बाईकपाशी भेटतोय. तपासणी झाली की तो कंपनीला मेल करणार आहे, अहवालाची आणि सगळ्या फोटोंची प्रत पाठवा म्हणून. मजकूर मी लिहून दिलाय, चार ओळींचा. काय उत्तर येतं ते इथेच कमेंटमध्ये टाकते. तुमच्यापैकी कुणाला अशी प्रत मागून मिळाली असेल, तर कशी मागितली ते जरूर लिहा.