‘पाखरं जातील सातपुड्यात’ म्हणणाऱ्यांना

‘खान्देशच्या पशुपक्ष्यांना ४५ डिग्री नवी नाही. फारच तापलं तर सातपुड्यात जातील. केळीने हिरवळ वाढलीच आहे, बांधावरची झाडं खुशाल काढा.’ हा मेसेज रावेर-यावलकडच्या ग्रुपांवर फिरतोय. तो वाचून आमच्या आप्पांनी बांधावरच्या निंबांचा सौदा करून टाकला, म्हणून लिहावं लागतंय.

४५ डिग्री नवी नाही, बरोबर. पण ती सोसली जाते सावलीच्या जिवावर. पाखराला घाम येत नाही. मे महिन्यात भर दुपारी निंबाखाली उभं राहून वर बघा: साळुंक्या चोची वासून, पंख अंगापासून सैल सोडून धापा टाकताना दिसतील. निंब गेला की त्यांनी बसायचं कुठे?

सातपुड्यात जातील म्हणे! सरडा, बेडूक कसे जाणार? मधे मैलोन्‌मैल कापूस नि केळी. आणि केळीची हिरवळ म्हणजे एकाच वाणाची, एकाच वयाची झाडं, खाली तणनाशकाने साफ केलेली जमीन. त्याला रान म्हणू नका.

सगळ्यात घातक आहे तो बांधाचा सल्ला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी जगभरातल्या सुमारे ६,००० ठिकाणच्या कीटकांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापले. जिथे शेती भरमसाट खता-औषधांची आणि तापमानवाढही मोठी, तिथे कीटक ४९ टक्क्यांनी कमी. तुलना न तापलेल्या नैसर्गिक अधिवासाशी. नुसत्या उन्हाने हे होत नाही, दोन्ही मार एकत्र बसतात. शेती हलक्या हाताची आणि आसपास ७५ टक्के नैसर्गिक अधिवास असेल तर तापूनही घट ७ टक्केच. अधिवास २५ टक्क्यांवर आला की तीच ६३ टक्के. बांध म्हणजे जंगल नव्हे, पण आपल्या शिवारात उरलंय ते तेवढंच. केळीला परागीभवन लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, टरबूज आणि कारलं मधमाशीशिवाय धरत नाही.

‘रानडुकरं, नीलगाई तर वाढल्यात’ हेही त्या मेसेजमध्ये आहे. वाढल्यात, नाकारत नाही. नुकसान आम्हीही भोगतो. पण पिकावर जगता येतं तेच वाढतात. ११३ वर्षं कुणाला न दिसलेला रानपिंगळा (एक छोटं घुबड) १९९७ साली सापडला तो शहाद्याजवळच्या जंगलात. त्याला घरट्याला जुन्या झाडाची ढोली लागते. ती कापसाच्या झाडाला कुठून येणार?