छडी गेली म्हणून शाळा बिघडल्या, हे मला पटत नाय

आमच्या पलूस-तासगाव भागातल्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, की आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो, आता कायद्यानी मास्तरांचे हात बांधले, एक पोरगं अख्खा वर्ग नासवतं आणि शिक्षा नाय म्हणजे नुसते लाड. मी शिकवतो, म्हणून लिहितोय.

मार खाल्ला म्हणून घडलो म्हणणारे ते जे शाळेत टिकले. मारच्या भीतीनी सातवीतच दप्तर टाकून रानात गेलेले कुठं मेसेज टाकतायत?

कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17, त्यात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी आहे, बस. शिस्त लावायला बंदी कुठंच नाय.

एका पोरामुळं बाकीच्यांचं नुकसान होतं हे मात्र खरंय, आणि वैताग येतो हेही खरंय. पण बघा, गणिताच्या तासाला दंगा करणाऱ्याला बाहेर काढलं तर त्याला गणितातून सुटकाच मिळाली ना, मग उद्या तो परत तेच करणार! म्हणून आधी वहीत टिपायचं, दंगा कधी होतो, त्याच्या आधी काय झालं, नंतर त्याला काय मिळालं. माझ्या वर्गात ऊसतोडीच्या कोपीवरचं एक पोरगं होतं, सारखं चिडायचं, मारामारी करायचं, टिपल्यावर कळलं की हे सगळं सकाळच्या पहिल्या तासालाच होतंय, आईबाप पहाटे फडात गेले की धाकट्या बहिणीला सांभाळून उपाशीच यायचं. त्याला आधी खायला दिलं, पुढं बसवलं, दहा गणितांऐवजी तीनच दिली आणि जमलं की लगेच सांगितलं. भांडणं एकदम थांबली नाहीत पण बरीच कमी झाली. छडीनी यातलं काय कळलं असतं?

आणि लाड कसले? दुसऱ्याची वही फाडली तर त्याच्यासमोर बसून ऐकायचं की त्याला काय वाटलं, मग स्वतःच्या हातानी ती सगळी उतरवून द्यायची. पाच छड्या खाऊन मोकळं होणं त्यापेक्षा सोपं असतं, पोरंच सांगतात.

एका मास्तराकडं दोन-दोन वर्ग असले की हे जमत नाय, ही खरी अडचण. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, तर पुढच्या मीटिंगला छडी मागण्यापेक्षा अजून एक शिक्षक मागा, ठराव करून, लेखी.