९११ चं नवं जाळं आणि कंपनीची सही

अमेरिकेत ९११ (आणीबाणीत मदत मागायचा फोन क्रमांक) ही एकच देशव्यापी यंत्रणा आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात कॉल सेंटरं हजारोंनी आहेत, कुठे काउंटीची, कुठे शहराची, आणि त्यांचे कंत्राटदारही वेगवेगळे. १९६८ मध्ये अलाबामातल्या हेलीव्हिल गावात पहिला ९११ कॉल लागला तो साध्या टेलिफोन लाइनवरून. आता हे सगळं इंटरनेट तंत्रावर नेण्याचं काम चालू आहे आणि मार्च २०२५ मध्ये एफसीसीने, म्हणजे दूरसंचारावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाने, त्यासाठी विश्वासार्हतेचे आणि इंटरऑपरेबिलिटीचे (वेगवेगळ्या यंत्रणा एकमेकींशी जुळून चालण्याचे) नियम प्रस्तावित केले. नियम आले की खर्च वाढतो, बाजारावर सोडा, हे पालुपद अशा वेळी ठरलेलंच. मला ते अजिबात पटत नाही.

९ एप्रिल २०१४ ची रात्र घ्या. कोलोरॅडोतल्या एंगलवूडमध्ये कॉल वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कॉलला क्रमांक देणारा एक काउंटर होता. त्याला ४ कोटींची मर्यादा घातलेली. ती भरली आणि पुढचे कॉल तिथेच अडकले. सूचना आली, पण किरकोळ दर्जाची, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही. सात राज्यांतली ८१ केंद्रं काही तास मुकी झाली, ६,६०० हून जास्त कॉल पोहोचलेच नाहीत. सिएटलमधल्या एका बाईने घरात घुसू पाहणाऱ्या माणसासमोर किमान ३७ वेळा ९११ फिरवला.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) जेमतेम चार महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०१३ मध्ये, विश्वासार्हतेचे नियम झाले होते. पण ते २०१२ च्या डेरेचो वादळावरून बेतलेले: जनरेटर, बॅटऱ्या, पर्यायी सर्किटं. सॉफ्टवेअरमधला काउंटर त्यात कुठून येणार? शिवाय पूर्तता कशी दाखवायची, तर कंपनीच्या अधिकाऱ्याने वर्षातून एकदा सही करून. स्वतःच पेपर लिहायचा, स्वतःच तपासायचा! म्हणून नव्या नियमांत बाहेरच्यांनी केलेली चाचणी हवी, आणि तिचा निकाल जाहीर व्हायला हवा.

इंटरऑपरेबिलिटीचंही तेच. राज्याच्या सीमेवरचा मोबाइल कॉल कधीकधी पलीकडच्या टॉवरवरून शेजारच्या राज्यात जातो. तिथून तो परत पाठवताना आवाज पोहोचतो, ठिकाणाची माहिती मात्र वाटेत गळू शकते. मग नव्या ऑपरेटरचा पहिला प्रश्न पुन्हा तोच, ‘तुम्ही कुठे आहात?’ दोन्हीकडचे विक्रेते ‘आम्ही स्टँडर्ड पाळतो’ म्हणतात, पण एकाच स्टँडर्डचा प्रत्येकाने आपापल्या सोयीने अर्थ लावलेला असतो. एकमेकांशी जोडून, खरे कॉल टाकून बघितल्याशिवाय ते कळत नाही.

राहिला खर्च. फोनच्या बिलात ९११ ची फी आपण भरतोच. ती दुसरीकडे वळवणाऱ्या राज्यांत न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीची नावं एफसीसीच्या वार्षिक अहवालांत पुन्हापुन्हा आली आहेत. पैसे नाहीत म्हणणाऱ्या राज्यांनी आधी तो हिशेब टेबलावर ठेवावा.