सळ्या काढा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

"आधुनिक घर म्हणजे आजाराचं माहेरघर" असा मथळा असलेला एक मेसेज सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. लांबलचक, मधे मधे हात जोडलेले इमोजी, शेवटी "११ जणांना पाठवा". असले मेसेज मी न वाचता पुढे जातो, खरं हा आमच्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, नुसता वाचला नाही तर अमलात आणायला घेतला. त्यांचं घर चाललंय जांबोटीच्या बाजूला, जोत्यापर्यंत काम आलंय, आणि त्यांनी गवंड्याला सांगून टाकलं की पट्ट्यांमधली, म्हणजे चारी भिंतींवरून सलग फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यांमधली, सळी कॅन्सल. गवंड्यानं मला फोन केला, "काका काय करूलेत बघा की जरा." मी सिव्हिल डिप्लोमावाला, रोज साईटवर असतो, म्हणून हे लिहिणं माझ्यावर आलं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. आधुनिक वास्तुकला गोऱ्यांनी आपल्या माथी मारली, तिला ना निसर्ग कळतो ना संस्कृती. आपली देवळं ८०० वर्षं उभी आहेत, सिमेंटचं घर ५० वर्षांत मोडतं. घरातल्या लोखंडामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि बीपी, शुगर, निद्रानाश होतो, म्हणून बांधकामात सळी अजिबात नको, माती-दगडाची जाड भिंत स्वतःच्या वजनावर शेकडो वर्षं उभी राहते. शेणानं सारवलेलं घर रेडिएशन अडवतं, हे नासानं मान्य केलंय. कौलारू घर हीच आपली हजारो वर्षांची परंपरा. स्लॅबचं घर म्हणजे भट्टी.

सळीचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी माणूस फार तर फसेल, ह्यानं मरेल.

आधी ते चुंबक. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इतकं कमजोर आहे की एमआरआयच्या नेहमीच्या १.५ टेस्ला मशीनमधलं क्षेत्र त्याच्या सुमारे तीस हजार पट भरतं, आणि त्या मशीनमध्ये माणूस अर्धा-पाऊण तास पडून बाहेर येतो तेव्हा त्याला शुगर झालेली नसते. पट्टीतल्या दोन सळ्यांनी होकायंत्राची सुई जवळ नेली तर थोडी हलेल, बास. आणि हा मेसेज पाठवणारे झोपतात कशावर तर लोखंडी कॉटवर, उशाला गोदरेजचं कपाट. आपल्या उद्यमबागेत फाउंड्रीमध्ये उभी हयात लोखंडात काढलेली माणसं आहेत, त्यांना जाऊन विचारा की झोप लागते का, ते म्हणतील पगार वेळेवर झाला की लागते.

आता "जाड भिंत वजनावर उभी राहते" हे वाक्य. ह्या वाक्याचा मला खरा राग आलाय. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जगाच्या हिशोबात मध्यम, खरं लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसं गेली. त्यांना मारलं कोणी? त्याच जाड भिंतींनी. दोन-अडीच फुटी दगडी भिंत, बाहेरून एक दगडाची रांग, आतून एक, मधे माती आणि कपच्या, आणि दोन्ही रांगांना आरपार बांधणारा दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. वर माळवद, लाकडी फळ्यांवर फूट-दोन फूट मातीचा थर. जमीन हलल्यावर भिंतीच्या दोन्ही रांगा एकमेकींना सोडून फुगल्या आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. वजन ही त्या भिंतीची ताकद नव्हती, तेच तिचं मरण होतं, कारण भूकंपात जितकं वजन जास्त तितका धक्का जास्त बसतो.

ह्यातली मेसेजवाल्यानं गाळलेली गोष्ट पुढे आहे. तिथंच जी खणाची घरं होती, म्हणजे छप्पर भिंतीवर नाही तर लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर, त्यातली कितीतरी घरं भिंती ढासळल्या तरी सांगाड्यावर उभी राहिली आणि त्याखालची माणसं वाचली. म्हणजे आपल्या जुन्या सुतारांना माहीत होतं की भिंतीच्या भरवशावर राहायचं नसतं, घराला एक बांधून धरणारा सांगाडा लागतो. आज तसला सागवान परवडत नाही म्हणून तेच काम सळी आणि काँक्रीट करतं. पूर्वजांचं नाव घेऊन सळी काढा म्हणणं म्हणजे पूर्वजांनी विचार करून घातलेली गोष्टच काढून टाकणं.

भूकंप आपल्याकडे कुठं, असं काका म्हणतील. आयएस १८९३ ह्या भूकंपासाठीच्या भारतीय कोडच्या २०१६ च्या नकाशात बेळगाव झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, आहे आणि १९६७ साली हललेली कोयना आपल्यापासून फार लांब नाही. बरं, भूकंप सोडा, पाऊस आहे ना? कच्ची माती भिजली की तिची ताकद उतरते, त्याला शास्त्रज्ञ कशाला लागतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेयाकाठच्या गावांत कोणती घरं बसली ते चिकोडी, अथणी, गोकाकच्या कुणालाही विचारा. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये बेळगाव तालुक्यातच, बडाल अंकलगीत, पावसानं भिजलेल्या घराची भिंत कोसळून सात जण गेले, त्यात लहान मुली होत्या. हा मेसेज लिहिणाऱ्यानं त्या गावात जाऊन "नुसत्या वजनावर शेकडो वर्षं" हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवावं.

मातीचं घर वाईट असं मी म्हणत नाही, हे नीट वाचा नाहीतर उद्या मलाच सिमेंट कंपनीचा एजंट म्हणाल. किल्लारी झाली त्याच १९९३ सालचं मातीच्या घरांसाठीचं वेगळं आयएस कोड आहे, १३८२७ नंबरचं. त्यात सरकार माती वापरू नका म्हणत नाही, भिंतीला वरून सलग पट्टी घाला म्हणतं, लाकडाची घातली तरी चालेल म्हणतं, कोपरे बांधून घ्या म्हणतं. पट्टीचं काम सोपं आहे, उसाच्या मोळीला वाढं आवळतात तसं ती चारी भिंतींना एकत्र धरते, एक भिंत एकटी बाहेर पडू शकत नाही.

देवळांचा मुद्दा. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची, रट्ट राजांच्या काळातली, ते छतातलं दगडी कमळ बघितलं की मान दुखेपर्यंत बघावंसं वाटतं, मान्य. हलशीचं, देगावचं देऊळ, सगळं मान्य. खरं त्याच १२०४ सालातलं एका कुणब्याचं घर दाखवा, एक. नाही दाखवता येणार, कारण ती सगळी पडली, भिजली, कुजली, जळली आणि लोकांनी पुन्हा बांधली. राजाच्या खजिन्यातून घडीव दगडात बांधलेलं टिकलं, ते आपण बघतो आणि म्हणतो जुनं सगळं टिकतं. जे टिकलं नाही ते दिसतच नाही ना. सिमेंटचं घर ५० वर्षांत मोडतं ह्यात थोडं तथ्य आहे, सळीभोवती काँक्रीटचं पुरेसं कव्हर नाही ठेवलं, काँक्रीटला पाणी नाही मारलं, तर सळी गंजून फुगते आणि प्लास्टर सोलून पडतं, अशी घरं मी बघितलीत. तो कामचुकारपणा आहे, त्याला वास्तुकला काय करणार.

शेण आणि नासा. नासाला आणखी कामं असतात. २०२० मध्ये शेणाची चिप मोबाईलचं रेडिएशन कमी करते असा दावा झाला तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला होता, आणि गुजरातमध्ये तापी जिल्ह्याच्या कोर्टाच्या एका निकालात शेणाच्या घरावर अणुकिरणांचा परिणाम होत नाही असंही आलं होतं, त्यामुळे फॉरवर्डवाल्याला एकट्याला कशाला दोष द्या. गॅमा किरण अडवायला जाडी आणि घनता लागते, नखाएवढा शेणाचा थर काही करत नाही. आणि जाड भिंतीनं मोबाईलचा सिग्नल कमी होतो हे खरं, मातीच्या, चिऱ्याच्या, काँक्रीटच्या, कुठल्याही, पण मग रेंज कमी मिळाली म्हणून फोनच जास्त जोर लावून सिग्नल सोडतो. सारवा की, जमीन गार राहते, धूळ बसते, छान दिसतं. नासा कशाला हवी त्याला.

"कौलारू घर हजारो वर्षांचं" वाचून हसू आलं. काका ज्या कौलांचं एवढं कौतुक करतायत ती मंगळुरी कौलं. एकमेकांत अडकणारं हे डिझाईन युरोपातलं, आणि आपल्याकडे त्यांचा कारखाना बासेल मिशननं मंगळुरात १८६५ साली काढला. त्याआधी आपल्याकडे हातानं केलेली नळीची कौलं, नाहीतर गवत. मिशनऱ्यांच्या कारखान्यातलं, मशीनवर दाबलेलं कौल आपण इतकं आपलंसं केलं की आता ती परंपरा झाली. वाईट काय झालं? काही नाही. पाऊस तसा होता, कौल हलकं होतं, लवकर बसायचं, गळलं तर एकच बदलायचं. नवं तंत्र आलं, हवामानाला जमलं, लोकांनी ठेवलं. आधुनिक म्हणजे हेच तर.

स्लॅबची भट्टी. हो, आहे, इथं मी जास्त भांडणार नाही. उघडा पाच इंची स्लॅब एप्रिल-मे मध्ये दिवसभर तापतो आणि रात्री तेच खाली सोडतो. त्याहून वाईट म्हणजे आता रस्त्यारस्त्यावर उभे राहणारे पश्चिमेकडे तोंड केलेले काचेचे शोरूम. ज्या बेळगावला लोक गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे, जिथं घरात पंखा लावायला लाज वाटायची, तिथं काचेच्या डब्यात एसी लावून बसायचं. आणि जगभरच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंट उद्योगाचा आहे, हेही मेसेजवाल्यानं लिहायला हवं होतं, त्याचा सगळ्यात दमदार मुद्दा तोच झाला असता. खरं उपाय आहेत आणि ते आधुनिकच आहेत. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाईल्सचा चायना मोझेक करा. फिलर स्लॅब करा, खालच्या ज्या भागात काँक्रीट नुसतं वजन म्हणून असतं तिथं जुनी कौलं घालायची, सिमेंटही वाचतं, तापही कमी.

हा फिलर स्लॅब केरळात लोकप्रिय कोणी केला? लॉरी बेकरनी. बर्मिंगहॅमला जन्मलेला इंग्रज वास्तुकार. विटा आडव्या न लावता उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची, विटाही जवळजवळ पाव भाग कमी लागतात, ही रॅट-ट्रॅपची भिंतही त्यांनीच गावोगावच्या गवंड्यांना शिकवली. गोऱ्यांनी काय माथी मारलं ह्याची यादी करताना हेही लिहा.

आणि आपली माणसं? वास्तुकार बाळकृष्ण दोशी, जन्म पुण्याचा, १९२७, पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए ह्या नामवंत आधुनिक वास्तुकाराच्या हाताखाली काम करून आलेले, २०१८ साली प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतला सगळ्यात मोठा मानला जाणारा पुरस्कार, मिळवणारे पहिले भारतीय. त्यांचं आयआयएम बेंगलोर बघा, इथलाच दगड, लांबच लांब सावलीचे बोळ, वरून वेली, मधे मधे अंगणं. किंवा इतकं लांब कशाला, चोर्ला घाटातून उतरलं की पणजी. तिथली कला अकादमी वास्तुकार चार्ल्स कोरियांची. बसकी इमारत, दारातून आत शिरल्यासारखं वाटतच नाही, सावलीतून चालत चालत सरळ मांडवीच्या काठाला, वारं आपोआप येतं, आणि आत दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, भिंतीवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक. निसर्ग, संस्कृती, अजून काय पाहिजे? २०२३ मध्ये दुरुस्ती चालू असताना तिथल्या खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं हे कुणीतरी खाली लिहीलच, लिहा, ते चुकीचंच झालं, पण त्यानं हवामान ओळखून केलेलं डिझाईन खोटं ठरत नाही.

मातीच पाहिजे असेल तर आपल्याच राज्यात बेंगलोरच्या आयआयएससीत १९७४ पासून अस्त्र नावाचा विभाग होता, त्यांनी मातीत थोडं सिमेंट मिसळून मशीननं दाबलेल्या विटांवर वर्षानुवर्षं काम केलं. भाजायला लाकूड नको, कोळसा नको. परंपरा आणि तंत्र ह्यांचं जमतं ते असं, फॉरवर्ड करून नाही.

तर काका, चिऱ्याची भिंत करा, कौलं घाला, पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, मोठा काढा, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढं छप्पर बाहेर घ्या, जोतं उंच आणि दगडाचं ठेवा, जमीन हवी तर शेणानं सारवा, मावशीला विचारून, कारण सारवायला त्याच बसणार. खरं जोत्यावर एक आणि दारा-खिडक्यांच्या वर एक सलग पट्टी होणार, भिंतीच्या रुंदीची, किमान तीन इंच जाड, आत दोन सळ्या, दर सहा इंचांवर त्या सळ्यांना बांधणारी कडी, आणि कोपऱ्यात सळी तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. गवंड्याशी माझं बोलणं झालंय, सळी उद्या साईटवर उतरते.