रॅम्प, १ नग

सरकारी इमारतींची अंदाजपत्रकं चाळताना शेवटच्या पानावर, नामफलक आणि झेंड्याच्या खांबाच्या शेजारी, एक बाब वारंवार दिसते: ‘दिव्यांगांसाठी रॅम्प, १ नग, एकरकमी.’ लांबी नाही, उतार नाही, कठड्याचा पत्ता नाही. ठेकेदार नग देतो, जेई (कनिष्ठ अभियंता) नग मोजतो, बिल निघतं. मग त्यावरून व्हीलचेअर चढत नाही म्हटल्यावर ‘मानसिकता बदलायला हवी’ अशी भाषणं होतात. मानसिकता बदलेल तेव्हा बदलेल. तोवर अंदाजपत्रकात मापं तरी लिहा.

साधा हिशोब करू. कचेरीच्या दारात तीन पायऱ्या, १५ सेंमीची एक, म्हणजे ४५ सेंमी चढ. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे १ सेंमी चढायला १२ सेंमी लांबी. ४५ गुणिले १२, झाले ५ मीटर ४० सेंमी. शिवाय वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा हवी, कारण खुर्ची वळवायची असते आणि दार उघडेपर्यंत थांबायचं असतं. एकूण ८ मीटर ४० सेंमी. जोतं ६० सेंमीचं असेल तर नुसता उतारच ७ मीटर २० सेंमी होतो.

आता जागेवर काय होतं ते बघा. पायऱ्यांच्या कडेला मोकळे असतात दोन मीटर, तेवढ्यातच तो उतार बसवला जातो. ४५ सेंमी चढ दोन मीटरमध्ये म्हणजे जवळपास १३ अंश. त्यावर एकट्यानं खुर्ची चढवणं अशक्य, आणि कुणी ढकलायला असला तरी ती मागे कलंडायची भीती. कर्मचाऱ्यांच्या दुचाक्या आत घ्यायला मात्र झकास! समोर जागा नसेल तर रॅम्प भिंतीला समांतर न्या, मध्ये वळवा. २ मीटर ७० सेंमीचे दोन उतार आणि मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा, असं बऱ्याच ठिकाणी बसतं. नाहीच बसलं तर इमारतीच्या बाजूला, जिथे जमिनीपासून चढ कमी आहे असं दार शोधा. ते सहसा असतं. त्यामागे कपाटं लावलेली असतात, एवढंच.

अंदाजपत्रकातली बाब अशी हवी: ‘उतार १:१२, निव्वळ रुंदी १.२० मी., वर-खाली १.५० × १.५० मी. सपाट, पृष्ठभाग खडबडीत, उघड्या कडेला किमान ७.५ सेंमी उंच कट्टा, दोन्ही बाजूंना ७६ आणि ९० सेंमी उंचीवर कठडा, दोन्ही टोकांना ३० सेंमी पुढे.’ त्या ३० सेंमीचं अनेकांना हसू येतं. कुबडी घेऊन उतरणाऱ्याला शेवटचं पाऊल सपाटीवर टेकेपर्यंत धरायला काहीतरी लागतं, त्यासाठी ते आहेत. आणि कठडा दोन्ही बाजूंना का, तर लकव्यात कुणाचा डावा हात जातो, कुणाचा उजवा.

‘खडबडीत’ हा शब्द गाळू नका. तो नसला की आत उरलेली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी रॅम्पवर येते आणि पहिल्या पावसात माणूस घसरतो. न घासलेली शहाबादी किंवा फ्लेम फिनिश ग्रॅनाइट चालतं. खोल खाचा मात्र नकोत, खुर्चीची पुढची छोटी चाकं त्यात अडकतात.

उतार तपासायला इंजिनिअर लागत नाही. एक मीटरची पाणसळ रॅम्पवर उताराच्या दिशेनं ठेवा, खालचं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला आणि त्याखालची फट टेपनं मोजा. ८.३ सेंमीपर्यंत ठीक, १२.५ च्या वर गेली तर उतार १:८ च्या पुढे गेला. मोबाइलमधल्या लेव्हलवर ४.८ अंशांपर्यंत बरोबर. तीन ठिकाणी मोजा, कारण खालचा शेवटचा हात बहुधा घाईत मारलेला असतो आणि तिथेच चढ सर्वांत जास्त निघतो. रस्ता आणि रॅम्प जिथे जुळतात तेही बघा. तिथली दोन-तीन सेंमीची कड पुढच्या चाकांना अडवायला पुरते, आणि बसलेला माणूस तोंडावर येतो.

दाराचं गणित आणखी फसवं. ‘तीन फुटी दार’ म्हणजे चौकटीसकट ९० सेंमी. चौकटीचे दोन्हीकडचे सहा-सहा सेंमी आणि उघड्या फळीची जाडी वजा केली की उरतात ७५. हवेत ९०. म्हणजे चौकट साडेतीन फुटांची घ्या. संडासाला तर अडीच फुटांची चौकट लावतात, त्यातून खुर्ची जातच नाही.

संडास हा सगळ्यात अवघड भाग, आणि तो बिघडतो नळकामापायी. जुन्या इमारतीत नवा कमोड बसवताना पाइप न्यायला जमीन १५ सेंमी उचलतात, की झाली दारातच पायरी! यावर उपाय आहे: तळमजल्यावर बाहेरच्या भिंतीला लागून जागा निवडा आणि एस-ट्रॅपऐवजी पी-ट्रॅपचा कमोड घ्या. त्याचा निचरा मागच्या भिंतीतून जातो, जमीन उचलावी लागत नाही. खोली आतून किमान २ × २.२ मीटर, दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. दार आत उघडणारं असेल आणि माणूस आत पडला, तर त्याच्याच अंगानं ते अडतं. बैठक ४५ ते ४८ सेंमी उंच, म्हणजे खुर्चीच्या बैठकीच्या जवळपास. एका बाजूला भिंतीवर पक्का दांडा, दुसऱ्या बाजूला वर उचलता येणारा, कारण त्या बाजूनं खुर्चीवरून सरकायचं असतं. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत प्लास्टिकच्या गुल्ल्या ठोकून लावलेला दांडा वजन पडताच उपटून येतो. तिथे आरपार बोल्ट आणि मागे प्लेट लागते. ताब्यात घेताना जेईंनी स्वतः त्या दांड्याला लोंबकळून बघावं. आणि हो, किल्ली शिपायाकडे ठेवायची नाही, झाडू-बादल्याही आत ठेवायच्या नाहीत.

अंधांसाठीच्या पिवळ्या फरश्यांचं एकच सांगतो: रेघांची म्हणजे ‘चला’, ठिपक्यांची म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. उरल्या म्हणून कुठल्याही कुठेही बसवल्या, तर पांढरी काठी घेतलेल्या माणसाला तुम्ही खांबावर नेऊन आदळता.

कायद्याचं म्हणाल तर ढीगभर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ४४ सांगतं की निकष न पाळणाऱ्या इमारतीला बांधकाम परवानगीही नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ नं जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं त्या नियमांतल्या नियम १५ चा पहिला पोटनियम कायद्याशी विसंगत ठरवला, कारण निकष सक्तीचे असायला हवेत आणि नियमानं त्यांना नुसत्या शिफारशी करून ठेवलं होतं. केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे निकष करायला सांगितलं. चांगलंच झालं. पण दाखल्यावर सही करणाऱ्याच्या हातात टेप नसेल, तर सक्तीचा निकषही ‘१ नग’ होऊनच कागदावर येणार.

तुमच्या गावात नुकतीच नवी कचेरी झाली असेल, तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून तीन कागद मागा: रॅम्प आणि दिव्यांग स्वच्छतागृहाच्या बाबींचं अंदाजपत्रक, त्या बाबींची मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं नोंदतात त्या वहीतली) पानं आणि पूर्णत्वाचा दाखला. पुस्तिकेत लांबी-रुंदी-उंची असेल तर जागेवर मोजून फोटो काढा. नुसता नग असेल तर ते पानच पुरावा. तक्रार अर्ज आधी त्या कार्यालयाच्या प्रमुखाकडे द्या. दाद लागली नाही तर पुण्याला, दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. फोटोत टेपवरचे आकडे वाचता आले पाहिजेत.